बंद गिरणीच्या जुन्या हौदात तरणतलाव करावा, की हौदाशेजारी?

शेवटचे वर्ष, इंदूर:

नमस्कार. मी वास्तुरचनेच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी असून प्रबंधासाठी इंदूरच्या गिरणी-पट्ट्यातील एक पडीक जागा निवडली आहे आणि तेथे सार्वजनिक तरणतलावाचे संकुल सुचवायचे ठरवले आहे. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या आगेमागे इतर गिरण्यांचे भोंगेही थांबले आणि या भागात मोठमोठ्या भिंतींआड बाभळी वाढत राहिल्या. माझी जागा अशाच एका गिरणीच्या मागच्या अंगाला आहे. साधारण ११० मीटर लांब आणि ६० मीटर रुंद अशा या तुकड्याच्या मधोमध दगडी बांधणीचा एक हौद आहे. तो ३८ मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि काठापासून गाळापर्यंत सुमारे साडेचार मीटर खोल आहे. बॉयलर आणि वाफ थंड करणारे कंडेन्सर यांसाठी लागणारे पाणी येथे साठवले जात असे. माझे आजोबा याच पट्ट्यातील एका गिरणीत साच्यांवर कामाला होते. हौदाच्या काठाला पाळी संपल्यावर हात-पाय धुणाऱ्यांची रांग लागे, असे ते सांगत. आज तेथे राडारोडा आहे, पावसाळ्यात हिरवे पाणी आहे, आणि भिंतीला पडलेल्या भगदाडातून आत येऊन क्रिकेट खेळणारी मुले आहेत.

माझ्या मार्गदर्शकांचे मत असे, की हौदाचाच तरणतलाव करावा आणि भोवती बावडीसारख्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीसारख्या, पायऱ्या उतरवाव्यात, म्हणजे जुन्या वास्तूची स्मृती राहील आणि माळव्याच्या जलपरंपरेशी नातेही जुळेल. कागदावर हे चित्र फार सुंदर दिसते, हे मी मान्य करते. परंतु छेद (जागा उभी कापून खोली-उंची दाखवणारे चित्र) काढायला बसले की प्रत्येक वेळी काहीतरी अडते. तलाव ५० मीटरचा असावा की २५ मीटरचा, हाही निर्णय झालेला नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे किंवा असे तलाव चालवले आहेत, त्यांचे मत हवे आहे.

स्थापत्य अभियंता, इंदूर:

हौदात तरणतलाव करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचा छेद अडतो याचे कारण चित्रकलेत नसून खोलीत आहे. शिकवण्याच्या आणि सरावाच्या तलावाला ०.९ ते १.८ मीटर खोली पुरते, आणि तुमचा हौद साडेचार मीटर खोल आहे. म्हणजे जवळजवळ तीन मीटर भराव घालावा लागेल, तोही ज्याची जाडी कोणी मोजलेली नाही अशा गाळावर. गाळ पूर्ण उपसल्याशिवाय असा भराव एकसारखा बसत नाही, आणि तळ एका बाजूला दोन सेंटिमीटर जरी खचला तरी काठावरून पाणी सगळीकडे सारखे ओसंडत नाही. एका कडेला ते वाहते आणि दुसऱ्या कडेला तेलकट थर साचून राहतो. शिवाय चुन्यातील दगडी भिंत झिरपणारच. कंडेन्सरच्या पाण्यासाठी ते चालत होते, क्लोरीन घातलेल्या आणि रोज गाळलेल्या पाण्यासाठी ते परवडणारे नाही.

आता काळ्या मातीविषयी, कारण इंदूरात या कामातील खरा शत्रू तीच आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु तिच्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात परातीसारखे पाणी धरून ठेवतो, हे बहुतेक नकाशांत विसरले जाते. समजा, तलावाच्या तळाची खालची बाजू जमिनीपासून १.७ मीटर खाली आहे आणि ऑगस्टमध्ये भोवतालचे पाणी जमिनीपर्यंत चढले. मग दर चौरस मीटरला सुमारे १.७ टनांचा दाब तळाला वर ढकलतो. तळाचा काँक्रीटचा ३० सेंटिमीटर जाडीचा थर स्वतः जेमतेम पाऊण टन भरतो. तलाव भरलेला असेल तर आतल्या पाण्याचे वजन सांभाळून घेते. पण नेमक्या त्याच महिन्यात कोणीतरी ‘मोसम संपला, रिकामा करून रंगवून घेऊ’ असे म्हणतो, आणि तळाला मधोमध चीर पडते. एका गावात अशी चीर मी डोळ्यांनी पाहिली आहे. रंगाचे डबे अजून काठावरच होते. यावर उपाय म्हणजे काळी माती काढून मुरूम भरणे, तळाखाली निचऱ्याच्या नळ्या आणि एक उपसा-विहीर देणे, तळात दाब-मोचक (खालचा दाब वाढला की उघडणारी) झडप बसवणे, आणि शक्य तेथे तलाव जमिनीच्या वर उचलणे. तुमच्या जागेत हा शेवटचा उपाय मी सर्वांत आधी तपासेन.

लांबीचा प्रश्न पाण्याच्या हिशेबाने सोडवा. ५० बाय २५ मीटरच्या, दोन मीटर खोलीच्या तलावाला २५ लाख लिटर पाणी लागते. २५ बाय १२.५ मीटरचा आणि सरासरी १.३५ मीटर खोलीचा तलाव सव्वाचार लाखांत भरतो. इंदूरला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून आणि चारशे मीटरहून अधिक उंची चढून येते, हे लक्षात घेतले तर ज्या वस्तीत नळाला ठरावीक वेळीच पाणी येते तिच्या शेजारी २५ लाख लिटर पाणी चमकत ठेवणे हे मला तरी पटत नाही. भरणे एकदाच असते, असा युक्तिवाद होईल. पण मे महिन्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर पाणी उडून जाते, म्हणजे लहान तलावातूनही रोज अडीच ते तीन हजार लिटर. चार तासांत सगळे पाणी एकदा गाळून निघावे असे धरले, तर ताशी १०५ घनमीटर प्रवाह येतो आणि त्यासाठी १.४ मीटर व्यासाच्या वाळूच्या तीन गाळण्या लागतात. एक गाळणी उलट्या प्रवाहाने धुतली की सुमारे पाच हजार लिटर पाणी गटारात जाते. हे धुण्याचे पाणी कोठे न्यायचे, याचे उत्तर तुमच्या जागेत तयार आहे: ते निवळण-टाकीतून, क्लोरीन उतरल्यावर, जुन्या हौदात सोडा आणि बागेसाठी व शौचालयांसाठी वापरा. छपरांवरचे पावसाचे पाणीही तेथेच न्या. हौद हौदच राहू द्या.

आणखी एक सूचना, जी आर्किटेक्ट मंडळी हमखास गाळतात. गिरणीच्या आवारात रंगखाते कोठे होते, बॉयलरची राख कोठे टाकली जाई, जुन्या वाफेच्या नळ्यांवर अॅस्बेस्टॉसचे वेष्टण होते का, याची चौकशी करून मातीची रासायनिक तपासणी झाल्याशिवाय लहान मुलांच्या अनवाणी पायांसाठी तेथे एकही फरशी आखू नका.

दांडिया बाजार, बडोदे:

मी जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करतो, त्यामुळे हौद वाचवावा असे माझ्याकडून ऐकण्याची अपेक्षा असेल. हौद वाचवावा असेच मी म्हणतो, आणि म्हणूनच अभियंता महोदयांशी सहमत आहे.

बावडीच्या पायऱ्यांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण हा मोह आमच्या गुजरातेतही घरोघरी आहे. बडोद्यात नवलखी वाव (वाव म्हणजे बावडीच) आहे, शहराबाहेर सेवासीची वाव आहे. विद्यार्थी त्या पाहून येतात आणि मग प्रत्येक प्रकल्पात पायऱ्यांचा त्रिकोण उतरू लागतो. पण पायऱ्या तेथे का आहेत? कारण विहिरीचे पाणी आषाढात वर चढते आणि वैशाखात खोल जाते, आणि घागर घेऊन आलेल्या बाईला दर महिन्याला पाण्याची कड वेगळ्या पायरीवर सापडते. पायरी ही बदलत्या पातळीची सोय आहे. तरणतलावाचे पाणी याच्या अगदी उलट वागते: ते बारा महिने एकाच रेषेवर राहिले पाहिजे, अन्यथा काठावरून ओसंडणारे पाणी घेणारी नाली आणि ते साठवणारी, तिला जोडलेली संतुलन-टाकी काम करत नाही. तेव्हा तलावाभोवती उतरत्या पायऱ्या काढल्या, तर त्या केवळ शोभेच्या ठरतात, आणि ओल्या पायांनी घसरण्याची एक जागा वाढते. तुमच्या जागेत ज्याची पातळी खरोखर चढणार-उतरणार आहे, ते पाणी जुन्या हौदातले. पायऱ्या तेथे उतरवा, एकाच बाजूने, जुनी भिंत न फोडता, आतून वेगळ्या पायावर. पावसाळ्यात चार पायऱ्या बुडतील, मार्चपर्यंत त्या उघड्या पडतील, आणि काठावर बसणाऱ्याला पाण्याचा हिशेब फलक न लावता कळेल. फक्त पाण्याशी लागणाऱ्या शेवटच्या टप्प्यावर जाळीचे दार असू द्या. साडेचार मीटर खोल पाणी आहे, त्याची भीती बाळगलीच पाहिजे.

परदेशांतली उदाहरणे तुमचे परीक्षक विचारतीलच, म्हणून दोन सांगतो. बाकीची बहुधा नुसती छायाचित्रे असतात. जर्मनीत एस्सेन येथे त्सोलफेराइन ही प्रचंड कोळसा-खाण १९८६ मध्ये आणि तिची कोक-भट्टी १९९३ मध्ये बंद पडली. २००१ मध्ये त्या भट्टीच्या आवारात दोन मालवाहू कंटेनर जोडून एक लहानसा पोहण्याचा तलाव ठेवण्यात आला. ‘ठेवण्यात आला’ असेच म्हणायला हवे, कारण गंजलेल्या यंत्रांना त्याने हातही लावला नाही. उन्हाळ्यात आसपासची मुले तेथे विनाशुल्क डुंबतात. दुसरे उदाहरण स्वित्झर्लंडमधील बेलिन्झोनाचे आहे. ऑरेलिओ गालफेत्ती आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७० मध्ये पुऱ्या केलेल्या तेथील सार्वजनिक तलाव-संकुलाचा कणा म्हणजे शहरापासून टिचिनो नदीपर्यंत जाणारा उंच पादचारी पूल. कपडे बदलण्याच्या खोल्या त्या पुलाच्या पोटाशी आहेत, तलाव खाली आहेत, आणि ज्याला पोहायचे नाही तोही वरून चालत नदीकडे जाऊ शकतो. तुमच्यासाठी धडा या पुलात आहे. तिकीट काढणाऱ्यांसाठी भिंत बांधून आत तलाव केला, तर गिरणीची एक बंद भिंत जाऊन दुसरी आली, एवढेच होईल. अभियंता म्हणतात तसा तलाव मीटरभर वर उचललात, तर त्या उंचीचा ओटा भोवताली आपोआप मिळतो. बाहेरच्या अंगाने तो वस्तीला बसायला द्या.

पहाटेची बॅच:

मी एकवीस वर्षे पोहणे शिकवते आहे, त्यांतली बरीचशी इंदूरात. नकाशा मला वाचता येतो, काढता येत नाही. म्हणून जे रोज पाहते तेच लिहिते.

कोणताही तलाव पाण्यात बिघडत नाही, तो कपडे बदलण्याच्या खोलीत बिघडतो. मी एका तलावावर काही वर्षे होते, तेथे कपडे बदलण्याच्या खोल्या खोल पाण्याच्या टोकाला होत्या आणि उथळ टोक समोर. रोज सकाळी पंचवीस-तीस मुले खोल पाण्याच्या काठाने धावत उथळ टोकाकडे जात, आणि मी शिट्टी तोंडात धरून काठावर उभी राहत असे. एका मे महिन्यात सात वर्षांचा मुलगा तेथूनच घसरला. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या मुलीने हात धरला म्हणून निभावले. तेव्हा खोल्यांचे दार उथळ टोकाला उघडले पाहिजे, आणि दार ते पाणी या वाटेत शॉवर आणि पाय धुण्याची जागा अशी असावी की ती टाळून कोणाला जाताच येऊ नये. अंघोळ न करता लोक पाण्यात उतरले की घाम आणि तेल यांच्याशी क्लोरीनचा संयोग होतो. डोळे झोंबतात, नाकात वास जातो आणि लोक म्हणतात, ‘क्लोरीन फार घातले आहे.’ वास्तविक तो वास खर्ची पडलेल्या क्लोरीनचा असतो.

बायकांच्या बॅचविषयी तुमच्या प्रश्नात एक शब्दही नाही, हे मला खटकले. दुपारी अकराची बायकांची बॅच ज्या तलावावर भरते, तो तलाव वस्तीचा होतो. एरवी तो उन्हाळी शिबिराचा राहतो. माझ्याकडे साठीच्या एक बाई पहिले चार दिवस साडी नेसून काठावर बसून गेल्या. पाचव्या दिवशी पूर्ण बाह्यांचा कॉस्च्युम शिवून आल्या. त्यांना पाण्याची भीती नव्हती, समोरच्या इमारतीच्या गच्चीची होती. बडोद्याचे महोदय वरून जाणारा पूल सुचवतात, तो कृपया विचार करून काढावा. ज्या पुलावरून कोणीही तलावात डोकावू शकतो, त्या पुलाखाली आमची अकराची बॅच भरणार नाही. वाट हौदाच्या बाजूने न्या, तलावाच्या बाजूला भिंत किंवा दाट जाळी असू द्या.

लांबी २५ मीटरच ठेवा. शर्यतीसाठी उडी मारण्याचे ठोकळे बसवायचे असतील तर त्या टोकाला किमान १.३५ मीटर पाणी लागते, एवढे सांभाळले तरी शालेय स्पर्धा होतात. उरलेल्या पैशात बारा बाय सहा मीटरचा, ६० ते ९० सेंटिमीटर खोलीचा शिकाऊ तलाव वेगळा करा आणि त्यात पायऱ्यांऐवजी कठड्यासह हलका उतार द्या. गुडघे दुखणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरील मुलांना शिडीचा काही उपयोग नसतो. लांबीची दिशा उत्तर-दक्षिण असावी, नाहीतर सहाच्या बॅचला सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि जीवरक्षकाला पाण्यावरच्या चकाकीखाली काहीच दिसत नाही. काळी फरशी मुळीच नको. दुपारी दोन वाजता त्यावरून माझ्या मुली पंजांवर उड्या मारत येतात.

परदेशीपुरा:

मी आर्किटेक्ट नाही आणि पोहणाराही नाही, याच भागात राहतो. दोनच गोष्टी. हौदावर छत घालून वर वाहनतळ किंवा सभागृह करण्याची कल्पना कोणाच्या मनात आली, तर ती तेथेच थांबवावी. ३० मार्च २०२३ रोजी रामनवमीला आपल्याच शहरात मंदिरातील झाकलेल्या बावडीचे छत कोसळून ३६ माणसे गेली. पाणी उघडे असले म्हणजे निदान ते तेथे आहे हे दिसते.

दुसरे असे, की पोहण्याचा मोसम मार्च ते जून, फार तर ऑक्टोबरमध्ये थोडा. डिसेंबरात इंदूरच्या थंडीत त्या पाण्यात कोण उतरणार? पावसाळ्यात तुमचे फाटक बंद राहणार असेल, तर बाभळी परत येतील. गिरण्या बंद पडल्यावरही गिरणी कामगारांच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, चालू राहिल्या आहेत. त्या उभ्या करायला आधी कित्येक दिवस लागतात आणि कारागिरांना छप्पर, वीज आणि ट्रॉली फिरेल एवढे अंगण हवे असते. तुमच्या ११० मीटरांतले तीस मीटर त्यासाठी सोडा. भाद्रपदात तलाव ओस असतो तेव्हा अंगण भरलेले राहील.

शेवटचे वर्ष, इंदूर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन दिवस छेद पुन्हा काढत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. आता रचना अशी आहे: हौद जसा आहे तसा, गाळ उपसलेला, पश्चिमेच्या एकाच बाजूने पायऱ्या, त्याच्या पूर्वेला २५ मीटरचा तलाव उत्तर-दक्षिण, जमिनीपासून ९० सेंटिमीटर उचललेला, आणि दक्षिणेच्या उथळ टोकाशी कपडे बदलण्याच्या खोल्या व शिकाऊ तलाव. तलाव आणि हौद यांच्यामध्ये विटांच्या जाळीची भिंत आहे. तिच्या हौदाकडील अंगाला सार्वजनिक वाट आणि बसण्याचा ओटा. बायकांच्या बॅचविषयी मी एक शब्दही लिहिला नव्हता, ही चूक मान्य आहे. समोरच्या तीन इमारतींच्या गच्च्यांवरून नजरेच्या रेषा काढल्या आणि त्यानुसार सावलीचे छप्पर लांबवले. झांक्यांचे अंगण उत्तरेला आले आहे. मुख्य प्रवेश मी आधी मोठ्या रस्त्यावर दाखवला होता. तो आता भिंतीच्या भगदाडापाशी आणला आहे, कारण मुले जिथून येतात तिथूनच वस्तीची सगळी पायवाट येते, हे मोजणी करताना ध्यानात आले होते, पण त्याचा अर्थ लावला नव्हता.

मार्गदर्शकांना पायऱ्यांचे स्पष्टीकरण पटले. तलाव उचलल्यामुळे तो ‘जमिनीत रुजलेला वाटत नाही’, ही त्यांची तक्रार मात्र कायम आहे. तळाखालच्या पाण्याचा दाब मी १.७ टन न धरता ०.८ टन धरला आहे. हे बरोबर आहे ना?

स्थापत्य अभियंता, इंदूर:

पाणी जमिनीच्या वर साचणार नाही असे धरले, तर बरोबर आहे; ३० सेंटिमीटर जाडीचा थर आणि भिंतींचे वजन मिळून हा दाब सहज पेलतील. तरीही तळाखालचा निचरा वगळू नका. गाळण्यांची खोली तलावाच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे पंपांत हवा धरणार नाही. फक्त तिच्या दाराशी उंबरठा द्या, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात मोटारी पाण्याखाली जातील. तळातून पाणी खेचणारी तोंडे दोन ठेवा, एकमेकांपासून दूर, वर घुमटाकार झाकणाची. एकच तोंड असले आणि त्यावर मुलाची पाठ किंवा केस अडकले, तर पंपाच्या ओढीतून त्याला सोडवता येत नाही.

मार्गदर्शकांच्या तक्रारीवर युक्तिवादापेक्षा मोजणी उपयोगी पडेल. चाचणीचा खड्डा मे महिन्यात घेतलात तर तो कोरडा निघेल आणि सगळे म्हणतील, पाणी कोठे आहे? आताच हौदाच्या पूर्वेला तीन मीटर खोल छिद्र पाडून त्यात भोके पाडलेली नळी उभी करा, तोंडाला टोपण लावा, आणि आषाढापासून दर रविवारी दोरीला खडा बांधून पातळी मोजत जा. ऑगस्टअखेरचा आकडा छेदावर तारखेसह लिहा.